माझ्या मशीनवर चालतंय

हिंजवडीपासून मगरपट्ट्यापर्यंत रोज सर्वांत जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कोणतं, असं मला कोणी विचारलं, तर माझा कौल ‘माझ्या मशीनवर चालतंय’ या वाक्याला. या तीन शब्दांत अख्खं पुणं उतरलंय. दोष नाकारलेला नाही. तो आपल्या हद्दीबाहेरचा आहे, एवढंच नम्रपणे नमूद केलंय. पूर्वी वाड्यात वरच्या मजल्यावर नळाला पाणी नसे, तेव्हा खालचे मालक हेच सांगत, ‘आमच्याकडे येतंय.’ यावर भाडेकरूनं काय बोलावं?

हे वाक्य उच्चारायची संधी वारंवार मिळवून देणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही, त्यांचा हेवा करून थोडक्यात सांगते. एकाच मजकुरावर पाच-पन्नास माणसं काम करत असली, की कोणी काय बदललं, कधी बदललं, का बदललं याची नोंद ठेवायची, जुनी प्रत मागितली की हजर करायची आणि दोघांनी केलेले बदल एकमेकांत बसवून द्यायचे, हे त्याचं काम. १९७२ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये मार्क रोचकाइंड यांनी असलं पहिलं साधन लिहिलं. मग पिढ्या होत गेल्या. २००४ साली सबव्हर्जनची पहिली पक्की आवृत्ती आली आणि २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं. आज जिथं-तिथं गिटच आहे. माझं काम सॉफ्टवेअरच्या सूचना मराठीत लिहिण्याचं, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचं. पण माझ्या वेलांट्यासुद्धा गिटमधूनच जातात.

गिटच्या आधीचा जमाना मला अजून आठवतो, तो कासवामुळे. टॉरटॉइजएसव्हीएन नावाचं एक साधन विंडोजवर होतं, अजूनही आहे. त्याची आज्ञा-बिज्ञा पाठ करायला लागत नसे. फोल्डरवर हिरवी बरोबरची खूण दिसली की सगळं आलबेल, लाल उद्गारचिन्ह दिसलं की आपण काहीतरी बदललंय. उजवं बटण दाबायचं, यादीतून हवं ते निवडायचं, घरी जायचं. हिशेब खात्यातले काकासुद्धा ते वापरत आणि त्याबद्दल कधी कोणाला काही विचारत नसत. साधन चांगलं असल्याची याहून मोठी पावती मी पाहिलेली नाही.

पण कासव राहायचं फक्त विंडोजच्या तळ्यात. लिनक्सवाल्यांनी मग आपल्यासाठी त्याच धर्तीचं एक साधन केलं आणि त्याचं नाव ठेवलं रॅबिट. इसापला नमस्कार असो. शिवाय विंडोजवरही कासवाच्या त्या हिरव्या खुणा अधूनमधून गायब होत. त्याचं कारण कळलं तेव्हा मला परदेशी सॉफ्टवेअरबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. फोल्डरवर अशा खुणा चिकटवायच्या जागा विंडोजमध्ये मुळात पंधराच. त्यातल्या काही विंडोज स्वतःच अडवतं. उरलेल्यांसाठी वर्णानुक्रमे रांग लागते. तेव्हा फाइली दूर कुठंतरी साठवून ठेवणाऱ्या काही सॉफ्टवेअरांनी युक्ती केली: आपल्या नावाच्या आधी एक रिकामी जागा सोडली, कारण रिकामी जागा ‘ए’च्याही आधी येते. ते पाहून दुसऱ्यानं दोन सोडल्या. असं करत करत रांगेत पुढं घुसणं चालू झालं आणि बिचारं सज्जन कासव खिडकीपाशी पोचेपर्यंत खिडकी बंद.

गिटचा जन्म लिनक्समधला, आणि लिनक्ससाठीच. विंडोजवर ते आलं तेव्हा आपल्याबरोबर छोटंसं लिनक्सी बिऱ्हाडच घेऊन आलं आणि अजून त्यातच राहतं. विंडोजवर गिट बसवायला घेतलं की ते लागोपाठ प्रश्न विचारत सुटतं. त्यातला एक प्रश्न असा, की ओळींचे शेवट कसे ठेवू? जसे आहेत तसे, की इकडे एक आणि तिकडे एक? ज्या माणसाला अजून पहिली ओळ लिहायची आहे, त्याला शेवटाचं विचारणं हे शुभ नव्हे. सगळे ‘पुढे’ असं लिहिलेलं बटण दाबतात. मीही दाबलं, शेजारच्यानंही दाबलं. पण आमच्या ऑफिसातल्या दोन मशीनांवर उत्तरं वेगळी नोंदली गेली.

त्यामागचा इतिहास टेलिप्रिंटरपर्यंत जातो. टायपिंगच्या क्लासात जो लांब दांडा आपण डावीकडून ढकलायचो, तो गाडी मागं आणायचा आणि कागदही वर सरकवायचा. टेलिप्रिंटरला मात्र या दोन कामांसाठी दोन वेगळ्या आज्ञा लागत: एक मागं जा, दुसरी खाली उतर. डॉस आणि विंडोजनं ओळीच्या शेवटी या दोन्ही खुणा ठेवायची रीत उचलली. युनिक्स-लिनक्सनं एकीवर भागवलं, खाली उतरायच्या. मॅकवाल्यांनी २००१ पर्यंत उरलेली दुसरी वापरली, कारण मॅकवाल्यांना दुसऱ्यांसारखं वागलेलं चालत नाही. या खुणा डोळ्यांना दिसत नाहीत, छापल्या जात नाहीत. पण फाइलीत असतात. त्यामुळे सकाळी दहाला असा संवाद होतो:

‘मॅडम, तुम्ही अख्खी फाइल बदललीत?’ विचारणारा नांदेडचा पोरगा, लिनक्सवाला.

‘एक वेलांटी बदलली.’

‘इथं चारशे ओळी बदललेल्या दिसताहेत.’

‘माझ्या मशीनवर एकच दिसतेय.’

मग तो पडदा माझ्याकडे वळवतो. वर लाल ओळ, खाली हिरवी ओळ. लाल म्हणजे गेलेली, हिरवी म्हणजे आलेली. दोन्ही काना-मात्रेसकट तंतोतंत सारख्या. अशा चारशे जोड्या. ‘दोन चित्रांतले फरक ओळखा’ या जातीचं हे कोडं, फक्त फरक दिसू नये अशी व्यवस्था केलेली. माझी खरी वेलांटी त्या गर्दीत कुठंतरी असते. ती तपासणाऱ्यानं शोधावी, असं गिटचं म्हणणं.

दुसरा घोळ लहान-मोठ्या अक्षरांचा. लिनक्सला मोठा ‘ए’ आणि छोटा ‘ए’ म्हणजे दोन वेगळी माणसं. विंडोज आणि मॅक दोघांना एकच समजतात. गंमत म्हणजे खुद्द लिनक्सच्या गाभ्याच्या कोशात अशा काही फाइली आहेत, ज्यांच्या नावांत फरक फक्त लहान-मोठ्या अक्षरांचाच आहे, आणि अशाही काही आहेत ज्यांची नावं विंडोजनं डॉसच्या काळापासून स्वतःसाठी राखून ठेवली आहेत. म्हणजे ज्या कामासाठी गिट जन्मलं, ते कामच विंडोजवर सुखासुखी उतरत नाही. मराठीला लहान-मोठं अक्षर नाही. त्यामुळे या भांडणात आपण पडत नाही. पण कोणी एवढ्यावर मराठीचा अभिमान बाळगणार असेल, तर त्यानं जरा थांबावं.

आमच्याकडे एका फाइलीचं नाव होतं ‘शेतकऱ्यांची यादी’. सरळ, सालस नाव. गिटला म्हटलं, काय स्थिती आहे ते सांग. त्यानं सांगितलं: उलटी तिरकी रेघ, ३४०, रेघ, २४४, रेघ, २६६. हा झाला ‘श’. मात्रा अजून यायची होती. पुढं रेघ, ३४०, रेघ, २४५, रेघ, २०७, ही मात्रा. ‘शेतकऱ्यांची’ एवढा एक शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडायला तेहतीस असले आकडे लागतात. गिट मूळचंच असं आहे: इंग्रजी मुळाक्षरांपलीकडचं काही दिसलं की सोवळ्यात जातं. ही खोड एका सेटिंगनं मोडते, आणि मोडल्यावर ते शहाण्यासारखं मराठी दाखवतं. पण ते सेटिंग आहे, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ते सापडतं.

खरी मजा ‘कऱ्या’ मधल्या त्या ‘ऱ’ची. आपण लिहितो तो हा अर्धा र संगणक दोन प्रकारे साठवू शकतो: एकतर ‘ऱ’ असं एकसंध एकच चिन्ह, नाहीतर ‘र’ आणि त्याच्याखाली नुक्ता, अशी दोन चिन्हं. दिसायला दोन्ही सारखीच. लिनक्स तुम्ही द्याल ते मुकाट्यानं ठेवतो. मॅकची जुनी फाइलपद्धत, जी २०१७ पर्यंत चालू होती, ती मात्र फाइलीच्या नावातलं असलं प्रत्येक जोडचिन्ह सोडवून ठेवायची. परिणाम असा, की नांदेडच्या पोरानं लिनक्सवरून पाठवलेली ‘शेतकऱ्यांची यादी’ आमच्या डिझायनर बाईंच्या जुन्या मॅकवर उतरली, की गिट सांगणार: तुमची फाइल जागेवर आहे, शिवाय त्याच नावाची आणखी एक अनोळखी फाइल इथं आली आहे, हिचं काय करू? फोल्डरमध्ये पाहावं तर फाइल एकच. २०१२ मध्ये गिटनं यावरही एक सेटिंग आणलं, पण तेही कुणीतरी चालू असल्याची खात्री करायची.

यातला सामाजिक भाग माझ्या फार उशिरा लक्षात आला. शेतकऱ्यांची यादी अडकते. गावकऱ्यांची अडकते. वारकऱ्यांची अडकते, कष्टकऱ्यांची अडकते. पुणेकरांची यादी मात्र बिनबोभाट पार होते, तिच्यात तो र नाहीच. याला योगायोग म्हणायचं की आणखी काही, ते ज्यानं-त्यानं आपापल्या पेठेप्रमाणे ठरवावं.

हे असलं सगळं पुण्याला नवीन वाटावं, याचंच मला नवल वाटतं. कारण वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या प्रतींचा मेळ घालण्याचं काम याच गावात, विधी महाविद्यालय रस्त्यावर, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात, १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललं होतं. विजेशिवाय चालणाऱ्या साधनांनी. मजकूर होता महाभारत.

महाभारताच्या प्रती सगळ्या देशभर पसरलेल्या. काश्मिरात शारदा लिपीत, मग नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, आणि दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. या कामात एकूण १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. प्रत्येक लेखनिकानं उतरवून घेताना काहीतरी बदललेलं, गाळलेलं, किंवा भक्तीच्या भरात वाढवलेलं. कोणी, कधी, का, याची नोंद बहुतेक ठिकाणी नाही. (गिटमध्ये कुठली ओळ कोणाच्या हातून आली हे दाखवणारी एक आज्ञा आहे, तिचं नावच ‘ब्लेम’. ती काश्मीरच्या एखाद्या लेखनिकावर चालवून पाहायला मिळाली असती, तर कितीतरी प्रबंध वाचले असते.) १९२५ पासून या कामाचे प्रमुख संपादक होते विष्णु सीताराम सुखटणकर. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनला संस्कृतात डॉक्टरेट मिळवलेला माणूस.

त्यांची कामाची रीत मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त आवडते. फुलस्केप कागद घ्यायचा, आडव्या-उभ्या रेघा मारलेला. सर्वांत वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक ठळक अक्षरांत लिहायचा. खाली एकेका हस्तलिखिताला एकेक आडवी ओळ. त्या प्रतीत जिथं वेगळं अक्षर असेल, तिथंच, त्या अक्षराच्या बरोबर खाली, ते लिहायचं. उजव्या हाताला चार इंचांचा रकाना शेऱ्यांसाठी: इथं कोणी खोडलंय, इथं समासात भर आहे, इथं एक जादा श्लोक आहे. प्रत्येक प्रतीला छोटी खूण: लिपीचं एक अक्षर आणि आकडा. आदिपर्वासाठी अशा साठेक प्रतींचे पाठ नोंदले गेले. म्हणजे एका श्लोकाखाली साठ ओळी, आणि श्लोक हजारोंनी.

आता इथं लिप्यांचा प्रश्न कसा सोडवला, ते पाहण्यासारखं आहे. ग्रंथ लिपीतली प्रत ग्रंथ लिपी वाचणाऱ्या दाक्षिणात्य शास्त्र्यापुढं ठेवली. उत्तरेची प्रत उत्तरेकडच्या शास्त्र्यापुढं. जी हस्तलिखितं पुण्याला आणता येत नव्हती, त्यांच्यासाठी तंजावरच्या सरस्वती महालात आणि शांतिनिकेतनात वेगळी माणसं बसवली. लिपीचा फरक आणि पाठाचा फरक यांची गल्लत होऊ नये याची जबाबदारी संस्थेनं आपल्या अंगावर घेतली. वाचकाच्या हाती ग्रंथ आला तेव्हा त्याला कोणी विचारलं नाही, की आपल्याला मल्याळम येतं का, आणि ओळींचे शेवट कसे ठेवू.

जे गाळलं, ते फेकलं मात्र नाही. मान्य पाठ वर. नाकारलेल्या ओळी खाली टिपांत, तारांकित आकडे घालून. लांबलचक भर असेल तर परिशिष्टात. गिटचं सर्वांत मोठं तत्त्व हेच आहे, की एकदा नोंदलेलं नाहीसं होत नाही. या तत्त्वानं चालताना सुखटणकरांनी जे धाडस केलं, त्याचं मला आजही कौतुक वाटतं. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही कथा आपल्या सगळ्यांना तोंडपाठ. पण पुरेशा विश्वासार्ह प्रतींत ती नाही, तेव्हा तिची रवानगी आदिपर्वाच्या परिशिष्टात झाली. १९३३ मध्ये हे पर्व पुरं झालं. पुण्यात राहून गणपतीला परिशिष्टात बसवायचं! एवढं करून संस्था जागेवर राहिली आणि काम पुढं चालू राहिलं, ते बहुधा खालच्या टिपा बारीक टायपात असतात म्हणून.

याच्या आधीही आपल्याकडे लोकांनी हे उद्योग केलेच होते. सतराव्या शतकात मूळच्या कोपरगावच्या घराण्यातल्या नीलकंठानं काशीत बसून देशोदेशीच्या प्रती जमवल्या आणि महाभारतावर टीका लिहिली. त्याचा कल असा, की चांगलं ते सगळं असू द्यावं. दोघांचे बदल एकमेकांवर आदळले की गिट विचारतं, याचं ठेवू की त्याचं? नीलकंठी उत्तर आहे: दोन्ही ठेवा. घराघरातलं पोथीचं महाभारत इतकं ऐसपैस झालं, ते काही अंशी यामुळेच. याच्या उलट संत एकनाथांचं. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली आणि पुढं कोणी आपली ओवी घुसडली तर त्याला ओवीतच दम भरून ठेवला. आजच्या भाषेत, मुख्य शाखेला कुलूप. माझं वैयक्तिक मत विचाराल तर कार्यालयात नाथांचा मार्ग बरा आणि लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीत नीलकंठाचा.

सुखटणकर १९४३ मध्ये गेले. पुढं श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम पुरं केलं. एकोणीस खंड झाले. माणसं बदलली, तरी कागदाच्या रेघा तशाच राहिल्या, म्हणून काम जुळलं. या खंडांत आणखी एक गोष्ट आहे, जी अजून मला कुठल्याही व्हर्जन कंट्रोलमध्ये भेटलेली नाही. वरच्या मान्य पाठात जिथं संपादकाला पुरती खात्री नाही, त्या शब्दाखाली तो नागमोडी रेघ ओढतो. म्हणजे: हे मी निवडलंय, पण पैज लावू नका. गिटमध्ये बदल नोंदला की नोंदला. नोंदवणाऱ्याचा आवाज कायम ठाम. मनातली शंका नोंदवायला त्यात खूण नाही. रोज संध्याकाळी सहाच्या बसच्या आधी जे बदल घाईघाईनं आत ढकलले जातात, त्यातल्या निम्म्यांखाली तरी ती नागमोडी रेघ ओढायला हवी.

सोपं साधन आणि अवघड साधन यांतला फरक मला तरी इथंच दिसतो. अडचण दोन्हीकडे तीच असते: आठ लिप्या किंवा तीन ऑपरेटिंग सिस्टिम. प्रश्न एवढाच, की ती कोणी निस्तरायची. भांडारकरमध्ये ती संपादकांच्या टेबलावर निस्तरली गेली. गिट ती नव्या माणसाच्या पहिल्या दिवशी त्याच्यापुढं ठेवतं, तीही इंग्रजीत, आणि ‘पुढे’ या बटणाच्या इतकी जवळ, की न वाचणं हेच स्वाभाविक ठरावं. वाईट याचं वाटतं, की उपाय असून ही गत. प्रत्येक प्रकल्पाच्या मुळाशी गिटअ‍ॅट्रिब्यूट्स नावाची एक छोटी फाइल ठेवता येते. ओळींचे शेवट एकाच पद्धतीनं साठवायचे आणि ज्याच्या-त्याच्या मशीनला रुचतील तसे वाढायचे, एवढं त्यात एका ओळीत सांगता येतं. मग आत येणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. फुलस्केपवरच्या रेघा कोणीतरी आधीच मारून ठेवलेल्या असतात.

तेव्हा ज्यांच्या हाती अशा रेघा मारायचं काम आहे, त्यांना एवढंच सांगणं. ती एक ओळ प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी घाला, चारशे ओळी लाल झाल्यावर नको. मराठी नावांसाठीची ती दोन सेटिंग्ज नव्या माणसाच्या मशीनवर आपणहून करून द्या. आणि फाइल अडकते म्हणून तिचं नाव इंग्रजीत ‘लिस्ट वन’ करा, असा सल्ला कोणालाही देऊ नका. नाव ‘शेतकऱ्यांची यादी’ हेच बरोबर आहे, सेटिंग बदला.